तुटलेल्या रस्त्यानेच येणारे साहित्य : युद्धानंतर रस्ते, पूल आणि लोहमार्ग उभारताना पुरवठा व खर्च कसा सांभाळावा

एरवी नवा रस्ता बांधताना खडी, डांबर आणि सिमेंट जुन्या रस्त्याने येते. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या मुलखात मात्र जो रस्ता दुरुस्त करायचा त्याच रस्त्याने त्याचे साहित्य आणावे लागते, आणि जो पूल पडला आहे त्याच्याच पलीकडे बहुधा खडीची खाण असते. अशा कामांत खर्च फुगतो तो मुख्यतः साहित्याचा दर वाढल्यामुळे नव्हे, तर साहित्य चुकीच्या क्रमाने आणि चुकीच्या वेळी पोचल्यामुळे, असे माझे ठाम मत आहे.

सांगली-मिरज परिसरातील रस्ते आणि पुलांच्या कामांवर नियोजन व साहित्याचा हिशेब पाहण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. युद्धभूमीवर मी स्वतः गेलेलो नाही. पण माझ्या हाताखाली तयार झालेले काही तरुण अभियंते आज परदेशात अशा कामांवर आहेत, आणि त्यांच्या प्रश्नांना वेळोवेळी दिलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत. वाट तुटली म्हणजे काय होते, हे सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट असताना ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. महापूर आणि युद्ध यांची बरोबरी होत नाही, कारण पूर ओसरतो आणि भूसुरुंग जमिनीतच राहतात. तरीही वाट बंद पडल्यावर साहित्याचा हिशेब कसा कोलमडतो, याचा पहिला धडा मला कृष्णाकाठीच मिळाला.

कामाचा आवाका किती मोठा असू शकतो, यासाठी युक्रेनचे उदाहरण घ्यावे. तेथील सरकार, जागतिक बँक, युरोपीय आयोग आणि संयुक्त राष्ट्रे यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार पुढील दहा वर्षांच्या पुनर्बांधणीला सुमारे ५२४ अब्ज डॉलर लागणार असून त्यांपैकी जवळपास ७८ अब्ज डॉलर केवळ वाहतूक क्षेत्रासाठी आहेत.

पहिली पायरी : नुकसानीच्या आधी वाटेची पाहणी

बहुतेक पथके प्रथम नुकसानीची यादी करतात: किती किलोमीटर रस्ता उखडला, किती पूल पडले, किती रूळ गेले. ही यादी हवीच, पण तिच्या आधी साहित्य कोठून, कोणत्या वाटेने आणि किती वेळात येईल, याचा नकाशा तयार करावा. आपल्याकडे अंदाजपत्रकाला लीडचा तक्ता जोडतात आणि त्यात खाणीपासून कामापर्यंतचे अंतर किलोमीटरमध्ये लिहितात. युद्धोत्तर कामात हाच तक्ता तासांमध्ये लिहावा, कारण तपासणी नाके, तात्पुरते पूल, वजनाच्या मर्यादा आणि संचारबंदी यांमुळे किलोमीटरला अर्थ उरत नाही.

एक किलोमीटर लांब आणि सात मीटर रुंद रस्त्यावर २५ सेंटिमीटर जाडीचा खडीचा थर टाकायचा आहे, असे समजू. दाबून झालेले घनफळ १,७५० घनमीटर होते. सैल मालासाठी त्यात ३० टक्के वाढ धरली तर साधारण २,२७५ घनमीटर खडी आणावी लागेल. एका हायवात, म्हणजे मोठ्या डंपर ट्रकमध्ये, १५ घनमीटर माल बसतो असे धरल्यास १५२ खेपा होतात. जाऊन-येऊन दोन तास लागत असतील, तर दहा तासांच्या दिवसात एक गाडी पाच खेपा करते आणि दहा गाड्या हे काम तीन दिवसांत थोडी कसर राहून उरकतात. आता मधला पूल पडला, वळसा घालावा लागला आणि फेरीला पाच तास लागू लागले. खडीचा खाणीवरचा दर एका पैशानेही वाढलेला नाही. पण एका गाडीच्या दिवसाला दोनच खेपा होतात, आठ दिवस लागतात, आणि त्या आठही दिवसांत ग्रेडर, रोलर, पाण्याचा टँकर आणि मजूर यांचे भाडे व मजुरी चालू राहते. दरपत्रकात हा खर्च कोठेच दिसत नसल्याने पाहणीच्या वेळीच तो लिहून काढावा.

याच पाहणीत वाहनांचा हंगामही तपासावा. आपल्याकडे उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर, ट्रक आणि चालक कारखान्यांकडे वळतात. त्या महिन्यांत रस्त्याच्या कामाला गाडी मिळवणे किती जिकिरीचे होते, हे सातारा-सांगलीतील प्रत्येक ठेकेदार जाणतो. गहू आणि मका निर्यात करणाऱ्या देशातही सुगीत हेच घडते. गाड्यांचा करार त्यामुळे सुगीच्या आधी करावा आणि अवजड मालाची मोठी आवक सुगी संपल्यावर ठेवावी.

दुसरी पायरी : सुरुंगमुक्तीचा दाखला

हे थोडक्यात, पण निक्षून सांगतो. रस्त्याची मूळ जागा साफ झाली म्हणजे काम सुरू करता येते, असा समज घातक आहे. खडीची खाण, मुरमाचा खड्डा, साहित्याचा डेपो, मजुरांची वस्ती, गाड्या वळवण्याची जागा आणि पाणी भरण्याचा काठ यांपैकी प्रत्येक जागेसाठी अधिकृत यंत्रणेचा स्वतंत्र दाखला नकाशासह हातात असावा. श्रीलंकेत २००९ मध्ये युद्ध संपल्यावर उत्तरेकडील लोहमार्गाचे काम हाती घेण्याआधी भूसुरुंग काढावे लागले. हा वेळ कार्यक्रमपत्रिकेत स्वतंत्र दाखवावा आणि तो ठेकेदाराच्या मुदतीतून कापला जाणार नाही, असे करारात लिहून घ्यावे. दाखल्याविना एकही गाडी मुरमाच्या खड्ड्यात उतरवू नये, मग काम कितीही खोळंबले तरी चालेल.

तिसरी पायरी : आधी साहित्याची वाट, मग लोकांची वाट

सर्वांत जास्त वाद याच टप्प्यावर होतो. शहराच्या मध्यातला मोठा पूल सर्वांना दिसतो, त्याच्या उद्घाटनाला मान्यवर येतात, आणि देणगी देणाऱ्या देशालाही आपले नाव त्याच पुलावर हवे असते. पण खाणीकडे जाणारा आडवाटेचा छोटा पूल, रेल्वेच्या मालधक्क्याची एक जोडलाइन किंवा बंदरातला एक धक्का आधी उभा राहिला, तर पुढच्या पन्नास कामांचा खर्च उतरतो. म्हणून कामांचा क्रम लावताना प्रत्येक कामासमोर एक प्रश्न लिहावा: हे झाल्याने इतर किती कामांचे साहित्य सुकर होईल? ज्याचे उत्तर मोठे, ते काम आधी.

तात्पुरत्या पुलांचा उपयोग येथे होतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अभियंता डोनाल्ड बेली यांनी रचलेला पूल आजही आपल्या घाटरस्त्यांवर आणि सीमाभागात दिसतो. त्याचा एक पॅनेल १० फूट लांब आणि सुमारे २६० किलो वजनाचा असतो, म्हणजे सहा माणसे तो हातांनी उचलू शकतात. क्रेन पोचत नाही तेथेही तो उभारता येतो, यातच त्याचे मोल आहे. मात्र तात्पुरता पूल घेताना तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात: त्यावरून भरलेली हायवा आणि काँक्रीट वाहून आणणारा ट्रान्झिट मिक्सर जाऊ शकेल इतकी त्याची क्षमता आहे का, तो किती काळ राहणार, आणि तो दुसरी कोणती वाट अडवतो.

तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व सर्बियातील नोव्ही साद शहराने दाखवले. १९९९ च्या बॉम्बहल्ल्यांत तेथील डॅन्यूब नदीवरचे पूल पडले. शहराची सोय म्हणून तरंगता पूल बांधला गेला. पण पडलेल्या पुलांचे अवशेष आणि तो तरंगता पूल यांमुळे नदीतील जलवाहतूक खोळंबली. पुढे बार्ज सोडण्यासाठी तो पूल आठवड्यातून काही ठरावीक वेळा उघडावा लागे, आणि २००५ मध्ये कायमचा पूल पुन्हा खुला होईपर्यंत ही अडचण राहिली. एका काठावरच्या लोकांची सोय झाली आणि नदीने माल आणणाऱ्या अनेक देशांचा खर्च वाढला.

चौथी पायरी : वाट जेथे बदलते तेथे लक्ष

मिरज जंक्शनवर एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रुंदीचे रूळ एकत्र येत. एका गाडीतला माल उतरवून दुसरीत चढवण्यासाठी धक्क्यावर हमालांच्या फळ्या असत. माल धावत्या गाडीत जितका वेळ असे त्याहून जास्त वेळ अनेकदा धक्क्यावर पडून राही. युक्रेनचे रूळ १,५२० मिलिमीटर रुंदीचे, तर शेजारच्या पोलंडचे बहुतांश १,४३५ मिलिमीटरचे आहेत. हा ८५ मिलिमीटरचा फरक सीमेवर प्रत्येक वाघिणीला थांबवतो. माल दुसऱ्या गाडीत भरावा लागतो किंवा चाकांचे सांगाडे बदलावे लागतात. २०२२ मध्ये काळ्या समुद्रातील बंदरांची वाट बंद झाल्यावर सगळा भार अशाच सीमास्थानकांवर आणि इझमाईल, रेनी या डॅन्यूबवरील बंदरांवर आला.

याउलट श्रीलंका आणि भारत या दोन्ही देशांत मुख्य रूळ १,६७६ मिलिमीटरचे आहेत. श्रीलंकेतील उत्तरेकडील मार्गाचे रूळ आणि त्यांखालचे आडवे स्लीपर युद्धकाळात उखडून खंदकांसाठी वापरले गेले होते, त्यामुळे बरेचसे साहित्य नव्यानेच आणावे लागले. भारताच्या कर्जसाहाय्यातून इरकॉन या भारत सरकारच्या रेल्वे-बांधकाम कंपनीने ते काम केले आणि १९९० पासून खंडित झालेली जाफन्याची रेल्वे ऑक्टोबर २०१४ मध्ये पुन्हा पोचली. रूळ सारख्याच मापाचे असले की इंजिने, यंत्रे आणि अनुभवी माणसे जशीच्या तशी कामी येतात, हा मोठा फायदा असतो.

वाटेचा अडथळा नेहमी रुळांचाच असतो असे नाही. अफगाणिस्तानात भारताच्या सीमा सडक संघटनेने बांधलेला झरंज-देलाराम हा सुमारे २१८ किलोमीटरचा रस्ता जानेवारी २००९ मध्ये त्या देशाच्या स्वाधीन झाला. पाकिस्तानातून भारतीय माल नेण्याची वाट नसल्याने तेथे इराणमार्गेच जावे लागे. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या साहित्यासाठी किमान दोन वाटा कागदावर आखून ठेवाव्यात आणि दुसऱ्या वाटेचा वाहतूक दर आधीच मागवून ठेवावा. गरज पडेल त्या दिवशी मागवलेला दर कधीच रास्त नसतो.

वाटेइतकेच तिच्या दोन टोकांना जपावे लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वे सुरू झाली, तेव्हा पहिल्या गाडीला दहाच वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. रूळ तयार होते, इंजिन तयार होते. गाडी भरण्याची सोय अपुरी होती. भरण्यासाठी जलवाहिनी झाल्यावरच पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. सिमेंटच्या रेल्वे रेकचेही असेच असते: उतरवायला धक्का, हमाल, गोदाम आणि पुढच्या गाड्या नसतील, तर विलंबशुल्क भरून स्वस्त माल महाग होतो.

येथेच कर्जाच्या अटीही वाचाव्यात. भारताच्या कर्जसाहाय्यात साधारणपणे कराराच्या मूल्यापैकी किमान ७५ टक्के वस्तू व सेवा भारतातून घेण्याची अट असते. जवळच्या देशात स्वस्त सळई मिळत असली तरी ती हिशेबात बसत नाही, हे निविदा भरल्यानंतर कळून उपयोग नाही.

पाचवी पायरी : ढिगारा हे साहित्य आहे

पडलेल्या इमारती आणि पुलांचा राडारोडा दूर नेऊन टाकायला पैसे लागतात, आणि भरावासाठी मुरूम आणायलाही पैसे लागतात. दोन्ही खर्च एकमेकांत मिटवावेत. आधी स्फोटके आणि ॲस्बेस्टॉसची तपासणी, मग सळई वेगळी करणे, मग क्रशर, असा क्रम ठेवावा. फिरता क्रशर ढिगाऱ्यापाशी नेणे हे ढिगारा क्रशरपाशी नेण्यापेक्षा जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते. भराव, खालचे थर आणि हलके काँक्रीट यांत हा माल उत्तम चालतो. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार जुन्या काँक्रीटपासून केलेली जाड खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, तर एम-२५ या ताकदीच्या प्रतीपर्यंतच्या सळईयुक्त काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत वापरता येते. ज्या देशात काम असेल तेथील मर्यादा वेगळी असू शकते, ती करारापूर्वी तपासावी. वाकलेली सळई सरळ करून पुलात वापरण्याचा मोह मात्र टाळावा. तिची जागा भंगारात आहे.

सहावी पायरी : साठा किती आणि कोठे

ऑगस्ट २०१९ मधील माझी चूक येथे सांगणे गरजेचे आहे. पावसाळ्यात पुरवठा अडेल म्हणून मी एका पुलाच्या कामासाठी महिन्याभराचे सिमेंट आधीच घेतले आणि सगळे एकाच गोदामात ठेवले, कारण एक पहारेकरी आणि एक नोंदवही पुरत होती. जमिनीपासून फळ्या होत्या, वर ताडपत्री होती, दहा थरांची मर्यादाही पाळली होती. पाणी ओसरल्यावर दार उघडले तेव्हा खालचे सहा थर दगड झाले होते. गोणीचा कागद सोलून निघाला आणि आतला ठोकळा गोणीच्या शिवणीचा ठसा घेऊन जसाच्या तसा उभा राहिला. सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवांचे, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांचे, २००५ च्या पुरात काय झाले, ते मी स्वतः पाहिले होते. तरीही सगळा माल एका जागी ठेवू नये, हे मला सुचले नाही. युद्धोत्तर प्रदेशात पाण्याच्या जागी तोफगोळा, चोरी किंवा अचानक बंद झालेला रस्ता असतो.

साठ्याचे गणित असे करावे. रोज ४०० गोणी, म्हणजे २० टन सिमेंट लागते. मागणी दिल्यापासून माल यायला एरवी १२ दिवस आणि वाईटात वाईट २५ दिवस लागतात. तर साठा ५०० टनांवर आला की नवी मागणी जायलाच हवी. त्यांतील २४० टन नेहमीच्या वाटेसाठी आणि २६० टन संकटासाठी. हे २६० टन दुसऱ्या जागी, शक्यतो नदीच्या किंवा तपासणी नाक्याच्या दुसऱ्या बाजूला ठेवावेत. आधी आलेला माल आधी वापरावा आणि तीन महिन्यांहून जुन्या सिमेंटची पुन्हा चाचणी घ्यावी.

महागड्या मालावर सर्वांचे लक्ष असते, पण काम थांबते ते बहुधा स्वस्त वस्तूमुळे. रूळ आले, स्लीपर आले आणि रूळ धरणाऱ्या लवचीक क्लिपा आल्या नाहीत. पुलाचा गर्डर आला आणि तो ज्यावर टेकतो ते बेअरिंग सीमाशुल्क खात्यात अडकले. किमतीने लहान, मिळायला अवघड आणि नसल्यास काम ठप्प करणाऱ्या अशा वस्तूंची एक पानी वेगळी यादी करावी आणि त्यांचा साठा दुप्पट ठेवावा. डांबराला साठ्याचा नियम वेगळा लागतो: व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचे मिश्रण १५० ते १६५ अंश सेल्सिअसला तयार होऊन अंथरताना किमान १४० अंश असावे लागते, त्यामुळे प्लांट आणि काम यांच्यामध्ये नाका असेल तर प्लांटच नाक्याच्या अलीकडे, कामाच्या बाजूला आणावा.

सातवी पायरी : करारातील दरवाढीचे सूत्र

युद्धोत्तर काळात एकदम अनेक कामे निघतात आणि सिमेंट, सळई, इंधन यांचे दर उसळतात. म्हणून दरवाढीचे सूत्र नसलेला करार करू नये. आंतरराष्ट्रीय करारांत बिलाची रक्कम एका गुणकाने गुणतात. त्या गुणकात एक स्थिर भाग आणि मजुरी, इंधन, सिमेंट, सळई, डांबर यांचे वाटे असतात. समजा स्थिर भाग ०.१५, मजुरी ०.२०, इंधन ०.१५, सिमेंट ०.१५, सळई ०.२० आणि डांबर ०.१५ असे वाटे ठरले. इंधन ४० टक्क्यांनी आणि सळई ३० टक्क्यांनी महागली, तर गुणक १.१२ होतो. आता तेच काम, पण इंधनाचा वाटा ०.०५ आणि मजुरीचा ०.३० लिहिला गेला, तर गुणक १.०८ च राहतो. शंभर कोटींच्या बिलावर हा चार कोटींचा फरक केवळ कागदावरच्या वाट्यांमुळे पडतो. लांबच्या वाहतुकीच्या कामात इंधनाचा खरा वाटा बराच मोठा असतो, त्यामुळे हे आकडे दुसऱ्या निविदेतून उचलून आणू नयेत. आपल्या लीडच्या तक्त्यावरून काढावेत.

रस्ता बंद झाला, दाखला उशिरा मिळाला, सीमा अडली, तर लेखी सूचना मुदतीत द्यावी. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नमुना करारात ही मुदत घटना कळल्यापासून २८ दिवसांची आहे. संबंध बिघडू नयेत म्हणून आपली माणसे पत्र द्यायला संकोचतात, आणि पुढे रास्त मागणीही मुदतीबाहेर जाते. पत्र आदराने लिहावे, पण लिहावे.

आठवी पायरी : गेटवरचा हिशेब

खर्च कार्यालयात ठरतो आणि गेटवर गळतो. बारीक वाळू चार-पाच टक्के ओलाव्याने २५ ते ३० टक्क्यांपर्यंत फुगते, म्हणून ती ब्रासवर, म्हणजे घनफळावर, न घेता वजनावर घ्यावी आणि ओलावा रोज मोजावा. वजनकाट्याची पावती हातात घेतली की निव्वळ वजनाच्या आकड्यावर नजर टाकून सही करण्याची सवय अनेकांना असते. त्याऐवजी रिकाम्या गाडीच्या वजनाची ओळ आधी पाहावी. एकाच गाडीचे रिकामे वजन दिवसभराच्या सर्व पावत्यांवर किलोपर्यंत तंतोतंत सारखे असेल, तर ती गाडी परतताना काट्यावर आलेलीच नाही. टाकीतले डिझेल कमी होत असताना वजन तेवढेच राहणे शक्य नाही. माझ्या कामावर खडीच्या हिशेबातील मोठी तूट अशा पावत्या एकाखाली एक लावल्यावरच सापडली होती.

डिझेलसाठी प्रत्येक यंत्राची तासांची नोंद आणि टाकीतील डिप-रॉडचे माप रोज जुळवावे. पुरवठादारांचे पैसे वेळेवर द्यावेत. युद्धाने पोळलेल्या गावातला खडीवाला किंवा ट्रकमालक उधारी सोसू शकत नाही, आणि तो दुसरीकडे गेला तर त्याच्या जागी दूरचा महाग माणूस येतो. आगाऊ रक्कम मिळाली असेल तर तिच्यातील पहिला वाटा अशा स्थानिक लोकांसाठी राखून ठेवावा.

दर शनिवारी एकाच पानावर चार रकाने भरून वरिष्ठांना पाठवावेत: या आठवड्यात काम किती तास साहित्याअभावी थांबले, कोणत्या साहित्याअभावी, त्या तासांचा यंत्र-मजुरीचा खर्च किती, आणि पुढच्या तीन आठवड्यांत कोणती आवक कोणत्या वाटेने येणार. पहिल्या रकान्यात शून्य असले तरी पान पाठवावे.

कायमचा पूल वाहतुकीला खुला झाला की तात्पुरता पूल लगेच उतरवून पुढच्या तुटलेल्या जागी न्यावा. उतरवताना पॅनेलपेक्षा त्यांना जोडणाऱ्या पिना आधी मोजाव्यात, तेल लावून पेटीत भराव्यात आणि पेटीवर संख्या रंगाने लिहावी. पॅनेल शंभर असले आणि पिना पुरेशा नसल्या, तर पुढच्या नदीवर तो पूल उभा राहत नाही.